आमवात आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

मागील अंकात आमवाताविषयी लिहिले होते. त्यानंतर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली आणि त्यांतील अनेक पत्रांत माशाच्या तेलाच्या कॅप्सूलविषयी विचारणा आहे. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. आमवात म्हणजे ज्याला डॉक्टर रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो आजार, एवढे आरंभीच स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे गुडघ्याची झीज, युरिक ॲसिड आणि आमवात या तिन्हींना सरसकट 'वात' म्हणण्याची पद्धत आहे. पुढील उत्तरे केवळ आमवातापुरती आहेत.

प्रश्न : माझे वय ४६ असून मी कराड तालुक्यात राहते. तीन वर्षांपूर्वी आमवाताचे निदान झाले. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, सोबत फॉलिक ॲसिड आणि दुखणे वाढले की वेदनाशामक गोळी, असे औषध चालू आहे. तरीही सकाळी तास-दीड तास बोटे आखडलेली असतात. माझ्या नणंदबाई माशाच्या तेलाच्या कॅप्सूल विकतात. त्यांनी एक डबी आणून दिली आणि आठवड्याच्या गोळीने लिव्हर खराब होते, ती सोडून हे नैसर्गिक औषध घे, असे सांगितले. दोन महिने रोज एक कॅप्सूल घेतली, पण काही फरक नाही. गोळी मी अजून सोडलेली नाही. या तेलात खरोखर काही गुण आहे का?

उत्तर : ताई, आठवड्याची गोळी आपण सोडली नाहीत, हे फार चांगले केलेत. ती यापुढेही सोडू नका. आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की माशाच्या तेलात गुण आहे, परंतु तो पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ आणि मूळ औषधाच्या, म्हणजे मेथोट्रेक्सेटच्या, जोडीने घेतले तरच दिसतो. आपण घेतलेली मात्रा त्या मानाने फारच थोडी होती.

प्रथम मात्रेविषयी सांगतो, कारण बहुतेकांची फसगत येथेच होते. डबीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत '१००० मिलिग्रॅम' असे छापलेले असते, पण तो आकडा सगळ्या तेलाचा असतो. दाहावर, म्हणजे सांध्यातील सूज-वेदनेवर, काम करणारे घटक दोनच आहेत, ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ स्निग्धाम्ले. त्यांचे आकडे डबीच्या मागे बारीक अक्षरांत असतात. साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए असते, म्हणजे दोन्ही मिळून ३०० मिलिग्रॅम. आमवाताच्या ज्या चाचण्यांत गुण दिसला, त्यांतील बहुतेकांत या दोन घटकांची एकत्रित मात्रा दिवसाला सुमारे तीन ग्रॅम होती. साध्या कॅप्सूलमधून तेवढी मात्रा गाठायची तर रोज दहा कॅप्सूल घ्याव्या लागतील. आपण एक घेत होता. माझ्या दवाखान्यात रुग्ण अशी डबी घेऊन आले की मी ती टेबलावर पालथी करतो, भिंग देतो आणि मागचे दोन आकडे त्यांनाच मोठ्याने वाचायला लावतो. बेरीज झाली की पुढचे फारसे समजावून सांगावे लागत नाही.

आता हे तेल करते तरी काय, ते पाहू. आमवातात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर चाल करून जाते. ते अस्तर सुजते, जाड होते आणि कालांतराने कूर्चा व हाड कुरतडू लागते. दाह पेटवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या आवरणात ॲराकिडोनिक आम्ल नावाचे एक स्निग्धाम्ल असते. पेशी चेतवली गेली की ते सुटे होते आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन ई-२ व ल्युकोट्राइन बी-४ यांसारखी द्रव्ये तयार होतात. वेदना, सूज आणि ऊब यांत त्यांचा मोठा वाटा असतो. आपली वेदनाशामक गोळी प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याची वाट तेवढ्या वेळेपुरती अडवते. माशाच्या तेलाची रीत निराळी आहे. ईपीए हळूहळू पेशीच्या आवरणात ॲराकिडोनिक आम्लाची जागा घेते, आणि मग पेशी चेतवली गेली तरी तिच्यातून निघणारी द्रव्ये बरीच सौम्य असतात. चुलीत वाळल्या पाचटाऐवजी ओले सरपण घातले तर जाळ जसा धरत नाही, तसेच काहीसे हे आहे. याशिवाय ईपीए आणि डीएचए यांपासून शरीर रिझॉल्व्हिन नावाची द्रव्ये बनवते, जी दाह आटोपता घेण्याचे काम करतात. आवरणातील ही अदलाबदल एका रात्रीत होत नाही. म्हणून पूर्ण मात्रा घेऊनही गुण दिसायला दोन ते तीन महिने लागतात, आणि मधूनमधून खाडे केले तर तेवढाही दिसत नाही.

पुराव्याचे म्हणाल तर अठराव्या शतकातच इंग्लंडमधील मँचेस्टरच्या रुग्णालयात जुनाट सांधेदुखीवर कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले जात असे. आधुनिक पद्धतीने तपासणी सुरू झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि अमेरिकेतील जोएल क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८५ सालचा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील अभ्यास हा तिच्या आरंभीच्या टप्प्यातला. २००७ साली १७ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. तीन-चार महिने हे तेल घेणाऱ्यांची सांधेदुखी, सकाळची आखडण, दुखऱ्या सांध्यांची संख्या आणि वेदनाशामक गोळ्यांची गरज या चारही बाबी कमी झाल्याचे त्यात दिसले. हा फरक मध्यम स्वरूपाचा होता. स्कॉटलंडमध्ये ९७ रुग्णांची एक चाचणी झाली आणि ती २००८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात नऊ महिन्यांनंतर तेल घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना आपल्या वेदनाशामक गोळ्या तीस टक्क्यांहून अधिक कमी करता आल्या, तर बिनगुणाचे तेल घेणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होते. मला हा निष्कर्ष मोलाचा वाटतो. वर्षानुवर्षे घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी जठराला व्रण पडलेले आणि मूत्रपिंडाला इजा झालेली माणसे मी पाहतो, आणि अशी एक गोळी जरी आठवड्यातून कमी झाली तरी ती कमाईच आहे.

मात्र माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची चाचणी ऑस्ट्रेलियातील ॲडलेडची आहे. आजार सुरू होऊन वर्षही न झालेले १४० रुग्ण तिच्यात होते. सर्वांना मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही तिन्ही औषधे दिली होती. त्यासोबत एका गटाला ईपीए व डीएचए मिळून रोज ५.५ ग्रॅम आणि दुसऱ्या गटाला केवळ ०.४ ग्रॅम मिळत होते. वर्षाअखेर पाहिले तेव्हा कमी मात्रेच्या गटात सुमारे ३२ टक्के रुग्णांना ही तीन औषधे अपुरी पडली होती, तर जास्त मात्रेच्या गटात सुमारे १० टक्क्यांना. आजार शांत होण्याचे प्रमाणही त्या गटात अधिक होते. ताई, या चाचणीत माशाचे तेल मेथोट्रेक्सेटच्या जागी दिलेले नव्हते, ते मेथोट्रेक्सेटच्या सोबत दिलेले होते, ही गोष्ट आपल्या नणंदबाईंना अवश्य सांगा. एकट्या माशाच्या तेलाने हाडाची झीज थांबते, असे दाखवणारी एकही भरवशाची चाचणी नाही. मेथोट्रेक्सेटने ती मंदावते, हे मात्र भक्कमपणे सिद्ध झालेले आहे.

अमेरिकेतील संधिविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ सालच्या मार्गदर्शनात कोणत्याही पूरक गोळ्यांऐवजी आहारावर भर द्यावा अशी शिफारस केली आहे, तीही सांगायला हवी. ती सशर्त शिफारस आहे. पुरावा फारसा भक्कम नाही, खर्च वाढतो आणि रुग्ण मूळ औषधापासून ढळण्याची भीती असते, हे मुद्दे मला मान्य आहेत. तरीही आखडण उरलेली आहे, मूळ औषध नियमित चालू आहे आणि खर्च झेपतो, अशा रुग्णाला तीन महिने पूर्ण मात्रेत हे तेल घेऊन पाहायला मी हरकत घेत नाही. फरक पडला नाही तर ते बंद करायला सांगतो.

लिव्हरची भीती अगदीच निराधार नाही. मेथोट्रेक्सेट चालू असताना यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी ठरलेल्या अंतराने करावीच लागते आणि मद्य कटाक्षाने टाळावे लागते. परंतु तपासणीखाली घेतलेले हे औषध बहुसंख्य रुग्णांना वर्षानुवर्षे मानवते. खरा धोका आहे तो आठवड्याची गोळी चुकून रोज घेण्याचा. म्हणून वार ठरवा आणि तो घरातल्या दुसऱ्या माणसालाही माहीत असू द्या. ती गोळी 'नैसर्गिक' औषधाच्या भरवशावर सोडलेल्या आणि सात-आठ महिन्यांनी परत आलेल्या एक भगिनी मला आठवतात. त्यांचे उजवे मनगट तोवर जवळजवळ गोठले होते. औषध पुन्हा सुरू केल्यावर सूज उतरली, पण मनगट पूर्वीसारखे वळले नाही. आजही त्या भाकरी डाव्या हाताने थापतात.

आपल्या डॉक्टरांच्या संमतीने तेल घ्यायचे ठरले तर दोन गोष्टी करा. एक, एका कॅप्सूलमध्ये ईपीए व डीएचए मिळून ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल असे तेल घ्या, म्हणजे सहा-एक कॅप्सूलमध्ये भागेल. त्या दोन जेवणांत विभागून जेवतानाच घ्या, म्हणजे ढेकरांना येणारा माशाचा वास आणि मळमळ कमी होईल. दुसरी गोष्ट नोंदीची आहे. दुधाचा हिशेब ज्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिता, त्यावरच रोज सकाळी आपण उठलात किती वाजता आणि मूठ पूर्ण मिटली किती वाजता, हे दोन आकडे लिहा. वेदनाशामक गोळी घेतलेल्या दिवशी फुली करा. तीन महिन्यांनी ती पाने फाडून डॉक्टरांकडे न्या. 'थोडे बरे वाटते' या शब्दांपेक्षा ती पाने त्यांना पुष्कळ अधिक सांगतील. उठल्यापासून मूठ मिटेपर्यंतचा वेळ दीड तासावरून पाऊण तासावर आला असेल तर तेल चालू ठेवण्यात अर्थ आहे.

प्रश्न : मी फलटण तालुक्यातील निवृत्त शिक्षक आहे. आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे आणि पत्नीला आमवात आहे. मासे सोडाच, कॅप्सूलचेही वावडे आहे. जवसात तेच ओमेगा-३ असते असे वाचले. रोज जवसाची चटणी खाल्ली तर चालेल का?

उत्तर : गुरुजी, जवसाची चटणी अवश्य खावी. परंतु ती माशाच्या तेलाचे काम करील असे मी आपल्याला सांगू शकत नाही.

जवसात ओमेगा-३ असते हे खरे, पण ते अल्फा-लिनोलेनिक आम्लाच्या रूपात असते. त्याचे ईपीए करण्याचे काम शरीराला करावे लागते आणि त्यात शरीर फारच चेंगट आहे. शंभर भागांतून थोडेच भाग ईपीएपर्यंत पोचतात आणि डीएचएपर्यंत तर त्याहूनही कमी. याची प्रत्यक्ष परीक्षाही झालेली आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत आमवाताच्या २२ रुग्णांपैकी काहींना तीन महिने जवस आणि काहींना करडई दिली होती. दोन्ही गटांच्या दुखण्यात आणि रक्ततपासणीत सांगण्यासारखा फरक पडला नाही. आपल्या भागात एका काळी घरोघरी करडईचे तेल आणि ताटात जवसाची चटणी असे, आणि तरीही आमवात होताच, हे आपल्या वडीलधाऱ्यांनाही आठवत असेल. चाचणी लहान होती, त्यामुळे तिला शेवटचा शब्द म्हणता येणार नाही, पण जवसाच्या बाजूने त्याहून भक्कम असे काही हाती नाही. तंतुमय पदार्थ आणि बद्धकोष्ठ यांसाठी मात्र जवस उत्तम आहे. भाजून कुटून खावे, कारण अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात.

आपल्यासाठी एक मार्ग आहे. माशांच्या अंगातील ईपीए आणि डीएचए मुळात समुद्रातील सूक्ष्म शैवालात तयार होते आणि शैवालापासून अन्नसाखळीतून ते माशांत येते. त्या शैवालाचेच तेल आता काढले जाते आणि ते बाजारात मिळते. ते पूर्णपणे शाकाहारी आहे. फक्त कॅप्सूलचे कवच पाहून घ्यावे, कारण नेहमीचे जिलेटिन प्राण्यांपासून काढलेले असते. शाकाहारी कवच असेल तर तसे डबीवर लिहिलेले असते आणि हिरवे चिन्ह असते. कवचाचेही मनाला पटत नसेल तर शैवालाचे द्रवरूप तेलही मिळते. काही शैवालतेलांत डीएचए भरपूर आणि ईपीए नाममात्र असते, म्हणून येथेही मागचे दोन्ही आकडे वाचावेत आणि ईपीए चांगले असलेले तेल निवडावे. शैवालतेलावर आमवातात झालेल्या चाचण्या माशाच्या तेलाइतक्या नाहीत, पण घटक तेच असल्याने ते वापरून पाहणे मला सयुक्तिक वाटते. माळ मोडायची गरज नाही. पत्नीचे मूळ औषध नियमित चालू असले पाहिजे, ही अट मात्र आपल्यालाही तीच आहे.

प्रश्न : आम्ही सांगलीचे. घरात मासे आवडीने खातो. कॅप्सूलचा खर्च करण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा मासे आणले तर आईच्या आमवाताला पुरेसे होईल का? कोणते मासे घ्यावेत? नदीचे चालतील का?

उत्तर : मासे आणावेत, आनंदाने आणावेत. परंतु आहार आणि औषधी मात्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजून आणावेत.

साधा हिशेब करू. तेलकट समुद्री माशाच्या शंभर ग्रॅम मांसातून ढोबळमानाने एक ग्रॅमच्या आसपास ईपीए आणि डीएचए मिळते. मासा कोणता, कोणत्या हंगामातला यावर ते पुष्कळ कमी-अधिक होते. आठवड्यातून दोनदा म्हणजे दोनेक ग्रॅम झाले. चाचण्यांतली मात्रा आठवड्याला २१ ग्रॅमच्या घरात जाते. तेवढे मासे रोज खाणे कोणाच्याही खिशाला आणि पोटाला झेपणार नाही.

तरीही माशांचा उपयोग नाही असे मुळीच नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, आमवाताच्या १७६ रुग्णांच्या एका अमेरिकी पाहणीत आठवड्यातून दोनदा किंवा अधिक वेळा मासे खाणाऱ्यांचा आजार, क्वचित किंवा कधीच मासे न खाणाऱ्यांच्या मानाने, कमी तीव्र आढळला. पाहणीवरून मासे हेच कारण होते असे सिद्ध होत नाही, कारण नेमाने मासे खाणारी माणसे इतर बाबतींतही प्रकृतीला जपणारी असू शकतात. पण दुसरे एक कारण मला अधिक पटते. आमवाताच्या रुग्णाला हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा सुमारे दीडपट असतो, आणि मटणाच्या जागी मासा आला तर हृदयाला बरेच.

बांगडा आणि तारली हे दोन मासे सर्वांत सोयीचे. ते तेलकट आहेत, स्वस्त आहेत आणि लहान असल्याने त्यांच्यात पारा फारसा साठत नाही. रत्नागिरीकडून घाट चढून सांगलीत येईपर्यंत वेळ जातो, म्हणून बांगडा घेताना कल्ला उघडून पाहावा. तो लालभडक असावा, डोळा फुगीर व पारदर्शक असावा आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर यावे. सुरमई चवीला कितीही उत्तम असली तरी मोठ्या शिकारी माशांत पारा अधिक साठतो, म्हणून ती कधीमधी घ्यावी. कृष्णेतला रोहू किंवा कटला प्रथिनांसाठी चांगला, पण ईपीए त्यात बांगड्याच्या मानाने बरेच कमी असते. सुकट आणि सुके बोंबील यांत तेल थोडे आणि मीठ भारी असते. आईचा रक्तदाब वाढलेला असेल तर ते टाळलेलेच बरे. रवा लावून कढईभर तेलात तळण्यापेक्षा चिंच-कोकमाचे कालवण करावे, कारण माशातून सुटलेले तेल रश्श्यात उतरते आणि रश्श्यासोबत पोटात जाते.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७१. मिरजेला त्यांच्या हृदयाची झडप बदलली असून रक्त पातळ होण्याची गोळी कायमची चालू आहे. त्यांना आमवातही आहे. माशाचे तेल द्यावे का?

उत्तर : हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, आणि माझा कल न देण्याकडे आहे.

माशाच्या तेलाने रक्त गोठण्याची क्रिया किंचित मंदावते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ साली सर्वसाधारण प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमपर्यंतची मात्रा निर्धोक ठरवलेली आहे. परंतु वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी औषधे घेणारा माणूस त्या सर्वसाधारण प्रौढांत बसत नाही. तेल सुरू केले किंवा अचानक बंद केले तरी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा, तपासून घ्यावा लागतो.

दुसरी काळजी हृदयाच्या ठोक्यांची आहे. २०२१ साली सात मोठ्या चाचण्यांतील ८१ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र पाहण्यात आली. ईपीए-डीएचए घेणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित होण्याचा विकार, अधिक आढळला. दिवसाला एक ग्रॅमपर्यंतच्या मात्रेत तो सुमारे १२ टक्क्यांनी आणि त्याहून अधिक मात्रेत सुमारे ४९ टक्क्यांनी जास्त होता. निरोगी हृदयाच्या पंचेचाळीस वर्षांच्या रुग्णाला ही वाढ लहानच ठरते, कारण अशा रुग्णाला मुळात या विकाराचा धोका कमी असतो. आपल्या वडिलांचे तसे नाही. त्यांची आखडण कमी करण्यासाठी मूळ औषधाची मात्रा किंवा जोडी बदलणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे, आणि त्यासाठी संधिविकारतज्ज्ञ व हृदयाचे डॉक्टर या दोघांकडे एकच फाइल न्यावी. वेदनाशामक गोळ्या मात्र औषधांच्या दुकानातून परस्पर आणून देऊ नयेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत त्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो धोका माशाच्या तेलाहून कितीतरी मोठा आहे.

प्रश्न : मी सातारा शहरात राहते, वय २८. लग्नाला वर्ष झाले. दोन वर्षांपासून आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेते. पुढील वर्षी बाळाचा विचार आहे. औषधे कमी व्हावीत म्हणून सासूबाईंनी कॉड लिव्हर ऑइल सुरू करायला सांगितले आहे. घेऊ का?

उत्तर : बाळाचा विचार असेल तर कॉड लिव्हर ऑइल घेऊ नका. सासूबाईंनी काळजीपोटी सुचवले आहे, हे मी जाणतो, आणि त्यांच्या पिढीत हे तेल अशक्त मुलांना चमच्याने पाजत असत. परंतु ते माशाच्या यकृताचे तेल आहे आणि यकृतात अ जीवनसत्त्व साठलेले असते. गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत, म्हणजे दिवस गेल्याचे कळतही नाही अशा काळात, रेटिनॉलच्या रूपातील अ जीवनसत्त्व जादा झाले तर बाळात व्यंग निर्माण होऊ शकते. दाहासाठी लागणारी ईपीएची मात्रा या तेलातून गाठायची म्हटली तर अ जीवनसत्त्व सहज मर्यादेबाहेर जाते. माशाच्या अंगाच्या तेलात, म्हणजे ज्या डबीवर नुसते 'फिश ऑइल' लिहिलेले असते त्यात, ही अडचण नसते. गर्भारपणात डीएचए बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना उपयोगीच असते. मात्रा किती ठेवायची, ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून ठरवावे.

याहून निकडीची गोष्ट मेथोट्रेक्सेटची आहे. त्याने गर्भाला गंभीर इजा होते, त्यामुळे ते गर्भधारणेच्या काही महिने आधी बंद करावे लागते आणि तोवर गर्भनिरोधन काटेकोरपणे पाळावे लागते. 'पुढील वर्षी' हा आपला बेत आजच आपल्या डॉक्टरांच्या कानावर घाला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन ही गर्भारपणात चालणारी औषधे आहेत, आणि मेथोट्रेक्सेट उतरवून त्यांवर स्थिर होण्यासाठी हातात वेळ लागतो. आजार शांत असताना दिवस गेले तर आई आणि बाळ दोघांनाही ते हिताचे असते, म्हणून केवळ औषधे कमी करण्याच्या ओढीने ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. पुढच्या भेटीला जाताना औषधांच्या पाकिटांसोबत सासूबाईंनी आणलेली कॉड लिव्हर ऑइलची बाटलीही पिशवीत ठेवा आणि जमले तर त्यांनाही बरोबर न्या.